पिशोरच्या आभाळातून मी जे खरवडले

मी, रामकिसन कडूबा जंजाळ, वय वर्षे ७२, धंदा फोटो रिटचिंग (हा धंदाच आता जगातून उठला आहे), राहणार पदमपुरा, औरंगाबाद, मूळ गाव कन्नड, आज सोमवार दिनांक १४ मार्च २०१६ रोजी हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता आणि शंभरातून सात गेले किती, असे विचारले. परग्रहावरून कोणी पृथ्वीवर येते का, हे त्यांनी विचारले नाही. मीही विषय काढला नाही, नाहीतर दाखला मिळाला नसता.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे की, माझ्याएवढ्या मालमत्तेला दीड पान पुष्कळ झाले आणि कलम चार पूर्ण गाळावे. गाळण्याचे काम मी एकतीस वर्षे केले. आता एक शब्द गाळणार नाही.

कलम १. घर

पदमपुऱ्यातील दोन खोल्यांचे घर, त्यावरील गच्ची आणि गच्चीवरची लोखंडी खुर्ची माझ्या बहिणीचा, म्हणजे सरूबाईचा मुलगा काकासाहेब याला मिळावी. मला मूलबाळ नाही. पत्नी द्वारकाबाई २००९ साली वारली. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकासाहेबाने महिनाभर कामावर जाण्यापूर्वी येऊन माझ्या डोळ्यांत थेंब घातले, ते मी विसरलेलो नाही.

मात्र एक अट आहे. काकासाहेब वेरूळला गाईड आहे. गेली पाच-सहा वर्षे तो पर्यटकांना कैलास लेण्यापुढे उभे करतो आणि सांगतो की हे माणसाचे काम नव्हे, परग्रहावरच्या लोकांनी यंत्र लावून कोरले. मी स्वतः त्याच्या मागे उभा राहून हे ऐकले आहे. माझे डोके असे फिरले की चारचौघांत त्याचा कान धरावासा वाटला. घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतले, तर हा म्हणतो, "मामा, लोकायला तेच आवडतं. छिन्नी-हातोडा म्हणलं की ते मोबाइल काढून बसतात." मी म्हणालो, "अन् ज्यांनी वरपासून खालपर्यंत डोंगर फोडला, त्यांच्या हातावरच्या घट्ट्यांचं काय?" तो म्हणाला, "ते कुठं ऐकायला येणार हायेत?"

परग्रहावर कोणी नाही आणि तिथून कोणी येत नाही, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे काय आहे ते कलम चारमध्ये येईल, आणि त्यासाठीच हा सगळा कागद खराब करतो आहे. पण नको ते काढून टाकत, हवे ते मागे ठेवायचे, हे काम मला कळते. त्यात हात किती सावध लागतो ते मला ठाऊक आहे. ते आमच्या माणसांचे श्रेय काकासाहेबाने फुकट वाटू नये. त्याने ही बडबड बंद करावी, मग घरात पाय ठेवावा. वकीलसाहेब म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणार नाही, रोज वेरूळला जाऊन तपासणार कोण? मी म्हणालो, तरीही लिहितो.

कलम २. बँक, बाकी सामान व अत्तराच्या बाटल्या

बँकेतील शिल्लक व घरातील भांडीकुंडी सरूबाईला. माझे दिवस साधेपणाने करावेत, मंडप घालू नये.

लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात अत्तराच्या सतरा बाटल्या आहेत. सगळ्या सीलबंद. खुलताबादच्या एकाच दुकानातून घेतलेल्या आहेत. त्या कोणालाही द्याव्यात. एवढ्या बाटल्या कशासाठी घेतल्या, तेही पुढे येईलच.

कलम ३. हत्यारे

माझे रिटचिंगचे उतरत्या काचेचे डेस्क, त्याखालचा आरसा, तीन खरवडायच्या सुऱ्या, शिसपेन्सिलींचा डबा आणि जर्मन भिंग, हे सर्व आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटो व झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या शकीलाबी यांना. त्यांना याचा काडीचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. त्या कॉम्प्युटरवर बसून एका मिनिटात लग्नाच्या फोटोतला नको असलेला जावई काढून टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यावरून आमचे दोनदा वाजलेही आहे.

आमच्या काळी हे काम सोपे नव्हते. काळ्या-पांढऱ्या फोटोची निगेटिव्ह डेस्कच्या काचेवर ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा. निगेटिव्हवर सगळे उलटे असते; पांढरे ते काळे, काळे ते पांढरे. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पेन्सिलीने भरायचे. औषधाचा थेंब उडून काळा ठिपका पडला असेल तर तो सुरीच्या टोकाने अलगद खरवडायचा, आजूबाजूच्या रंगात मिळेपर्यंत. खरवडताना चांदीची बारीक पूड निघते, ती फुंकून टाकायची. शहागंजातल्या महताब फोटो स्टुडिओत मी हे काम १९६३ पासून करत होतो. गुलमंडीपासून जालन्यापर्यंत मी काढलेल्या डागाची जागा कोणाला सापडत नसे. तेव्हा मला त्याचा फार गर्व होता.

कलम ४. पिशोरची निगेटिव्ह

अर्ध्या प्लेटची (पोस्टकार्डाहून जरा मोठी) एक निगेटिव्ह, पिवळ्या पाकिटात, माझ्या उशाच्या पेटीत आहे. ती मुनिरा, वडिलांचे नाव शेख शफी, शिक्षिका, राहणार खुलताबाद, हिला द्यावी. सोबत हे कलम तिला शब्दन् शब्द वाचू द्यावे.

महताब स्टुडिओचे मालक कमरोद्दीन चाचा. शफी त्यांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी डेस्कवर, तो कॅमेऱ्यावर. बाहेरगावचे ग्रुप फोटो तोच काढत असे. त्याच्या हाताला आणि डोळ्याला तोड नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही.

दिनांक २८ एप्रिल १९७१ रोजी शफी कन्नडजवळ पिशोरला एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा फोटो काढायला गेला. पुढे जे लिहितो ते त्याने व पिशोरच्या लोकांनी सांगितलेले आहे. मी त्या दिवशी बहिणीच्या लग्नाच्या बोलणीसाठी कन्नडला होतो. संध्याकाळचे पाच. शाळेच्या पटांगणात चाळीस माणसे तीन रांगांत, पाठ डोंगराकडे, तोंडे कॅमेऱ्याकडे. शफीने काळ्या कापडाखाली फोकस केला, फिल्म घातली, बाहेर येऊन हातात शटरचा रबरी बल्ब धरला आणि समोर पाहिले. तर लोकांच्या डोक्यांवर, डोंगराच्या माथ्यालगत, काहीतरी पांढरे दिसले.

आता कोणीही शहाणा माणूस ओरडला असता, "मागं बघा!" चाळीस माणसे वळली असती, चाळीस साक्षीदार झाले असते आणि आज मला हे लिहावे लागले नसते. पण शफी हाडाचा फोटोग्राफर. ग्रुपसमोर उभे राहिले की त्याच्या तोंडातून एकच वाक्य निघायचे. तो ओरडला, "हलू नका!" आणि बल्ब दाबला. दुसरी फिल्म घालायला मान खाली केली, वर पाहिले, तोवर आभाळ रिकामे.

मग त्याने सांगितले. लोक वळले, डोंगर आणि दोन घारी. सगळे हसले. शफी म्हणाला, "हसा. फोटू येऊ द्या, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः निगेटिव्ह धुतली. आभाळात मुगाच्या डाळीएवढा काळा ठिपका स्पष्ट होता. तो इतका हरखला की निगेटिव्ह चिमट्याला वाळत टाकून तसाच कॉलेजात पळाला, विज्ञानाचे प्राध्यापक आप्पासाहेब यांना आणायला. चाचांना रात्री त्याने सगळे सांगितले होते, पण त्यांनी ते कानाआड केले होते. मला कोणी काही सांगितले नाही. निगेटिव्हला एक चिठ्ठी लावली नाही! "हात लावू नको" एवढे तीन शब्द लिहायला काय जात होते? पंचेचाळीस वर्षे मी या चिठ्ठीवर चिडतो आहे, कारण स्वतःवर चिडून चिडून कंटाळा आला की दुसरे कोणीतरी लागते.

अकराच्या सुमारास मी कन्नडहून आलो. ग्रुपची निगेटिव्ह वाळलेली दिसली. डेस्कवर घेतली. आधी मुख्याध्यापकांच्या कपाळावरच्या आठ्या कमी केल्या. मग आभाळाकडे आलो. काळा ठिपका. मनात म्हणालो, शफीने पुन्हा औषध उडवले. सुरी घेतली, पाच मिनिटांत आभाळ साफ केले आणि पूड फुंकून टाकली. तो ठिपका गोल होता की लांबट, त्याला कड होती की नव्हती, यातले काहीही मला सांगता येत नाही. मी तो पाहिलाच नाही. मी फक्त तो काढला.

दुपारी शफी प्राध्यापकांना घेऊन आला तेव्हा चाचा ट्रेमधून प्रिंट काढत होते. शफीने प्रिंट पाहिली. मग निगेटिव्ह उजेडात धरली. माझ्याकडे वळून म्हणाला, "रामकिसन, इसमें था. सुबह मैंने देखा. तूने बी देखा ना?"

आता माझी बाजू सांगतो. ती बाजू म्हणण्याच्या लायकीची नाही, पण सांगतो. त्याच्या दीड महिना आधी मी एका नवरीच्या गालावरचा तीळ डाग समजून काढला होता. सासरचे लोक फोटो परत घेऊन आले, ही आमची सून नव्हेच म्हणाले. चाचांनी मला सगळ्यांसमोर सुनावले, "रामकिसन, आइंदा फोटोमें से कुछ गायब हुआ तो समझ, तू बी गायब." माझे नवे लग्न झालेले. भाड्याची खोली. चाचा समोर उभे होते.

मी म्हणालो, "नाय. काहीच नव्हतं."

शफीने पुन्हा विचारले नाही. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता.

पुढे काय झाले ते शहराला माहीत आहे. आप्पासाहेब हसत हसत गेले. चाचांनी शफीला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले, मग दर्ग्यात नेऊन उतारा केला. लोक त्याला "तश्तरी", म्हणजे उडती तबकडी, म्हणू लागले. दोन महिन्यांत त्याने कॅमेरा सोडला आणि आईच्या माहेरी खुलताबादला जाऊन अत्तर, टोप्या आणि तसबीह म्हणजे जपमाळांचे दुकान टाकले. मुनिराला पाहायला आलेल्या लोकांनी दारातच विचारले होते, "तश्तरीवाले का घर यही ना?" हे मला शफीनेच हसत सांगितले. मी चहा पीत होतो.

द्वारकाबाईला मी १९७५ साली सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, "अहो, खुलताबाद काय लंकेत हाय का? यष्टीत बसा अन् सांगून या. तोंडाला कुलूप लागलंय का?" मी गेलो. दुकानासमोर उभा राहिलो. शफी म्हणाला, "आओ रामकिसन, कैसे आए?" मी म्हणालो, "अत्तर घ्यायला." अशा सतरा खेपा झाल्या. द्वारकाबाईने त्यातली एकही बाटली उघडली नाही. शेवटच्या आजारात तिने मला पुन्हा विचारले, "सांगितलं का?" मी हो म्हणालो. म्हणजे खोटे दोनदा झाले.

१९९४ साली स्टुडिओ बंद पडला, जुन्या निगेटिव्ह भंगारात चालल्या होत्या, त्यातून ही मी उचलली. तिरक्या उजेडात धरली की आभाळात एक निस्तेज जागा दिसते. तेवढेच. मी ती पुण्याच्या एका जाणकाराला दाखवली. तो म्हणाला, चांदीच गेली आहे, आता यातून काही निघणार नाही.

या विषयावर मिळेल ते मी वाचले. आभाळात किती तारे, त्यांच्याभोवती किती पृथ्व्या, त्यातल्या कितींवर पाणी, याचे आकडे मला पाठ आहेत. एवढ्या पसाऱ्यात फक्त आपणच, हे मला पटत नाही. आणि त्यांनी एवढ्या लांबून पिशोरला यावे, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला, हेही पटत नाही. एवढे शहाणे लोक, एवढा प्रवास, आणि थांबले किती, तर फोटो निघेपर्यंत! पुन्हा फिरकले नाहीत. मी बावीस वर्षे रोज संध्याकाळी पाचला गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. विमान, पतंग, लग्नाचे फुगे, सगळे पाहिले. त्यांचा मला फार राग येतो. एकदा यायचे तर धड यावे, दार ठोठावावे, चार माणसांत बसावे. येऊन माझ्यासारख्याच्या हाती सापडले, आणि मी त्यांना फुंकून टाकले.

की तो औषधाचा थेंबच होता? असेलही. शफीचा हात कधीकधी सांडायचा. ते मला या जन्मात कळणार नाही आणि त्याला जबाबदार मी स्वतः आहे. एवढे मात्र मी शपथेवर लिहितो: निगेटिव्हवर काहीतरी होते. शफी खोटे बोलला नाही, त्याला भास झाला नाही, त्याचे डोळे खराब नव्हते. खोटे मी बोललो.

कलम ५. प्राध्यापक आप्पासाहेब

आप्पासाहेब निवृत्त होऊनही विज्ञान मंडळात व्याख्याने देतात. चाळीस वर्षे त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात "पिशोरची तबकडी" येते. अडाणी माणूस कसा भास पाहतो, मग फोटो काढतो आणि फोटोत काहीच निघत नाही. सभागृह हसते. मी मागच्या रांगेत बसून बारा वेळा ते हसणे ऐकले आहे. शेवटी ते टेबलावर बोट आपटून म्हणतात, "पुरावा कुठे आहे?" माणूस चुकीचे विचारत नाही, हाच माझा खरा संताप आहे. पुरावा मागितलाच पाहिजे. पण पुरावा नाही म्हणजे साक्षीदार खोटा, हे कोणत्या विज्ञानात बसते ते त्यांनी मला सांगितलेले नाही.

आप्पासाहेबांना कलम चारची प्रत हातोहात द्यावी व पोच घ्यावी. पुढच्या व्याख्यानात ती वाचून दाखवावी अशी विनंती आहे. ते हयात नसल्यास प्रत त्यांच्या मंडळाच्या वाचनालयात लावावी.

कलम ६. साक्षीदार

पहिले साक्षीदार शेजारी तात्यासाहेब गणपतराव निकम, निवृत्त एस.टी. चालक. दुसरा साक्षीदार शफी व्हावा, अशी माझी इच्छा आहे. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला लाभ त्यालाच साक्षीदार करू नका, पुढे वाद निघाला तर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. म्हणून निगेटिव्ह मुनिराला दिली आणि शफीला काहीच ठेवले नाही. उद्या हे मृत्युपत्र कोर्टात गेले तर न्यायाधीश शफीला सहीविषयी विचारतील, "तुम्ही पाहिलं का?" तो म्हणेल, "पाहिलं." आणि ते लिहून घेतले जाईल. एवढे तरी त्याला मिळावे.

वकीलसाहेबांनी हेही सांगितले की साक्षीदाराला आतला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नाही. म्हणजे शफीने सही करावी, घरी जावे, आणि मी मेल्यावर त्याला कळावे. मला ते फार सोयीचे वाटले. त्याच गोष्टीची लाज वाटून मी उद्या मंगळवारी त्याला बोलावून कलम चार मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

कलम ७. मंगळवार ते शनिवार

हे कलम शनिवार दिनांक १९ मार्च रोजी जोडत आहे. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला आहे.

मंगळवारी मी वाचले. शफी ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "फिर से पढ." मी पुन्हा वाचले. मला वाटले, चिडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती. तो म्हणाला, "तू लिखा, लोगां हँसे. लोगां का क्या है, रामकिसन. मेरा कॅमेरा अब्बा ने नहीं छुड़ाया. मैंने छोड़ा. वो सुबह मैंने निगेटिव्ह में देखा था, अपने हाथ में. दोपहर कू नहीं था. तू बोल्या, था ही नहीं. जिसकू अपनी आँख का भरोसा नहीं, वो फोकस क्या करेगा?"

मी कागदाची घडी घातली. तो पुढे म्हणाला,

"अब्बा मरते वक्त मेरेकू देखके रोए. पागल बच्चा छोड़के जारौं बोले."

चहाला हात न लावता तो उठला आणि गेला. पंचेचाळीस वर्षे मी समजत होतो की मी त्याची अब्रू घेतली. डोळे घेतले, हे मला मंगळवारी कळले. त्यानंतर तीन दिवस मी हे पान फाडायचे की ठेवायचे, यातच होतो.

आज तो मुनिराला घेऊन आला. मुनिरा माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिने बोलावे अशी माझी अपेक्षाही नाही. शफी म्हणाला, सही करतो, पण "औषधाचा थेंबच होता, असेलही" हे खोड. मी म्हणालो, "ते खोडता येणार नाय. मला ठाऊक नाय म्हणून तसं लिवलं. तुझ्यापायी खोटं लिवलं तर ते पुन्हा खोटंच व्हईल." तो म्हणाला, "मैंने देखा, वो काफी नहीं क्या?" मी म्हणालो, "तू पाहिलंस. मी नाय पाहिलं." आम्ही दोघेही म्हातारे, आवाज चढले, गल्लीतली माणसे दारात आली. तात्यासाहेब मध्ये पडून म्हणाले, "अरे मग ज्यानं पाहिलं त्यालाच सांगू द्या की! इतकी वरसं झाली, त्याला काय दिसलं ते कुणी इचारलंय का?"

कोणीच विचारले नव्हते. आप्पासाहेबांनी नाही, चाचांनी नाही, मीही नाही. सगळ्यांनी फोटो मागितला.

म्हणून असे ठरले की माझा मजकूर माझा राहील, त्यातले अक्षर बदलणार नाही. शफीने साक्षीदार म्हणून आपला मजकूर स्वतःच्या शब्दांत द्यावा. तो उर्दू शिकलेला, म्हणून तो सांगेल तसे मुनिरा मराठीत लिहील. तो मजकूर या मृत्युपत्राचा भाग समजावा आणि कलम चारसोबत आप्पासाहेबांना द्यावा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करण्याची ताकद नाही.

ठिकाण: पदमपुरा, औरंगाबाद
दिनांक: १९ मार्च २०१६

(सही) रामकिसन कडूबा जंजाळ
लिहून ठेवणार

साक्षीदार १
रामकिसनरावांनी वरील सही आमच्या दोघांच्या समोर केली. त्यानंतर मी त्यांच्यासमोर सही केली. भांडण झाले ते खरे आहे, पण सही करताना ते शांत होते.
(सही) तात्यासाहेब गणपतराव निकम

साक्षीदार २
मी शेख शफी शेख कमरोद्दीन, वय सत्तर, राहणार खुलताबाद. सांगतो ते माझी मुलगी लिहिती.

रामकिसननं माझ्यासमोर सही केली. त्याची अक्कल ठिकाणावर हाय. ते मी पाहिलं.

दुसरं पाहिलं ते असं. पाच वाजले व्हते. वारा लई व्हता, शाळेचा झेंडा फडफडत व्हता. ते डोंगराच्या वर व्हतं, हात लांब करून धरलेल्या लिंबाएवढं. पांढरं, पण चमक नाय, दुधी काचेच्या दिव्यावानी. खालच्या अंगाला जरा चपटं. आधी ते सरकत व्हतं, उजवीकडून डावीकडं, सावकाश. मी "हलू नका" म्हणून वरडलो. चाळीस माणसं थांबली, अन् ते बी थांबलं. मी मनात एक, दोन मोजलं, बल्ब सोडला, "झालं" म्हणलो, तवा ते हाललं. मग मी मान खाली घातली. हे थांबलेलं मी कुणाला सांगितलं नव्हतं. फोटू साफ निघाल्यावर हे कोण ऐकणार व्हतं? ते कोण व्हतं मला ठाऊक नाय. पण त्याला माझं कळलं व्हतं.

रामकिसन म्हणतो त्याला ठाऊक नाय. बरोबर हाय, त्याला नाय ठाऊक. मला ठाऊक हाय.

मी रामकिसनला माफ केलं का, ते या कागदात कुणी धुंडाळू नये. मला साक्षीला बोलावलं, मी पाहिलेलं सांगितलं.

(उर्दूत सही) शेख शफी